लाकडाची निगा

पुणे जिल्ह्यात कार्ले येथे डोंगरात कोरलेले एक भव्य चैत्यगृह आहे. त्याच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी बसवलेल्या या फासळ्या आजही जागच्या जागी दिसतात. उलट, अंगणात मातीवर टाकलेली साधी फळी एका पावसाळ्यातच काळी पडते आणि काही वर्षांत भुसभुशीत होऊन जाते. दोन्ही लाकडेच, मग एवढे अंतर का पडावे? काही जातींचे लाकूड मुळातच टिकाऊ असते, हे खरे. परंतु कार्ल्याच्या लाकडावर पाऊस पडत नाही, त्याला जमिनीची ओल लागत नाही आणि दर्शनी भागातील मोठ्या कमानीतून येणारी हवा त्याच्याभोवती खेळत राहते. लाकडाच्या निगेचे मर्म या तीन गोष्टींत आहे.

झाड नुकतेच तोडलेले असते, तेव्हा त्याच्या लाकडात पुष्कळ पाणी असते. लाकूड हे असंख्य सूक्ष्म नळ्यांचे बनलेले असते. काही पाणी या नळ्यांच्या पोकळीत असते, तर काही त्यांच्या भिंतींत मुरलेले असते. लाकूड वाळू लागले म्हणजे प्रथम पोकळीतील पाणी निघून जाते. तोवर त्याचा आकार बदलत नाही. नंतर भिंतींतील पाणी कमी होऊ लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ होतच नाही, रुंदीत मात्र बरेच होते. त्यामुळे घाईने किंवा वेडेवाकडे वाळलेली फळी वाकते, पिळवटते अथवा तडकते.

लाकूड ओले राहिले, तर दुसरेच संकट ओढवते. त्यावर बुरशी वाढते आणि ती लाकडाचा कस खाऊन टाकते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने पाणी शेकडा २० पेक्षा कमी झाले, की बुरशीला तेथे वाढता येत नाही. म्हणून लाकूड सावकाश, सर्व अंगांनी सारखे वाळवणे आणि वाळल्यावर कोरडे राखणे, ही दोन्ही कामे महत्त्वाची ठरतात.

यासाठी जाणता वखारवाला फळ्यांची थप्पी विचारपूर्वक रचतो. प्रथम उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा निवडून तेथील गवत काढले जाते. मग दगडांचे किंवा विटांचे ओटे करून थप्पी जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवतात. त्यामुळे जमिनीची ओल लागत नाही आणि वाळवी चढू लागली तर ती लवकर नजरेस येते. फळ्यांच्या प्रत्येक थरानंतर सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीच्या आडव्या पट्ट्या घालतात. खालच्या पट्टीवर नेमकी वरची पट्टी आली पाहिजे. नाहीतर वरच्या भाराने मधली फळी वाकते. फळीच्या टोकांतून पाणी फार वेगाने निघून जाते व तेथे भेगा पडतात, म्हणून टोकांना मेण, रंग किंवा डांबर लावतात.

आता प्रश्न राहतो आच्छादनाचा. पाऊस आला, की अननुभवी माणूस साऱ्या थप्पीला वरपासून खालपर्यंत ताडपत्री किंवा प्लॅस्टिक गुंडाळून घट्ट बांधतो. लाकूड आता सुरक्षित झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र उलटेच घडते. दिवसा उन्हाने आतील हवा तापते आणि लाकडातील पाण्याची वाफ होते. रात्री आवरण गार पडते. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला जसे थेंब जमतात, तसे त्या आवरणाच्या आतून थेंब जमतात आणि पुन्हा लाकडावरच गळतात. अशा कोंडलेल्या, दमट जागी बुरशीला हवे ते सर्व मिळते.

म्हणून ओल्या लाकडाच्या थप्पीवर उतरते छप्पर करावे आणि ते चारही बाजूंना थोडे पुढे आलेले असावे. छप्पर व वरचा थर यांत मोकळी जागा ठेवावी. पावसाची झड ज्या बाजूने येते, त्या बाजूला ताडपत्री सोडावी. परंतु ती लाकडाला चिकटू देऊ नये आणि उघडीप मिळताच वर गुंडाळावी.

भट्टीत वाळवलेल्या लाकडाची गोष्ट निराळी आहे. त्यातील पाणी आधीच काढलेले असल्यामुळे त्याला केवळ बाहेरच्या ओलीपासून जपायचे असते. कॅनडा, स्वीडन यांसारख्या देशांतील कारखान्यांतून असे लाकूड मजबूत प्लॅस्टिकच्या आवरणात बांधून पाठवतात. पुष्कळदा हे आवरण वर आणि चारही बाजूंना असते. तळ मात्र उघडा ठेवतात. आत शिरलेले पाणी व दमट हवा तेथून बाहेर पडावी, हा त्यामागील हेतू. आवरण फाटले आणि पाणी आत साचले, तर तेच आवरण घातक ठरते. म्हणून ते वेळोवेळी तपासून दुरुस्त करावे लागते.

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवान प्रसिद्ध आहे. सागाला तुळईजोगी जाडी येण्यास कित्येक दशके लागतात. तेच लाकूड एका पावसाळ्याच्या हयगयीने वाकून, तडकून निकामी होऊ शकते. मग त्याच्या जागी दुसऱ्या झाडावर कुऱ्हाड पडते. ज्याच्या वखारीत लाकूड कोरडे राहते, तो आपले धन राखतोच, शिवाय रानातील एखादे उभे झाडही वाचवतो.