वायरिंगसाठी वेगळा विभाग हवा

जुन्या मोटारींचे शौकीन आणि गॅरेजवाले एकत्र बसले की गप्पा इंजिनावरच रंगतात. वायरिंगचा प्रश्न कुणी काढलाच, तर "बॅटरी बदला" म्हणून मिटवला जातो. आमची सूचना अशी की, अशा प्रत्येक मंडळाने इलेक्ट्रिकच्या कामासाठी स्वतंत्र विभाग ठेवावा. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, दोन जाणते वायरमन आणि एक वही, एवढे पुरे.

प्रीमियर पद्मिनीचेच घ्या. सेल्फ जड फिरतो, दिवे मंद. भरलेली बॅटरी इंजिन बंद असता सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. ती ठीक असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांमध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आले, तर अर्थची पट्टी ढिली किंवा गंजलेली समजावी. घासून आवळली की काम झाले! गिऱ्हाईक मात्र तोवर नवी बॅटरी घेऊन बसलेले असते. फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे तर गाडी पेटवण्याचीच तयारी करतात.

वहीत गाडीचे साल, लक्षण, मोजलेले व्होल्ट आणि शेवटी सापडलेला दोष लिहावा. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर वही निरुपयोगी.

हुन्नर फुकट का सांगावा, असे कारागीर विचारतील. रास्त आहे. म्हणूनच दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी. आज ती बहुधा सुट्या भागाच्या नफ्यातच बुडते.