औषधाला दाद न देणारे यीस्ट

कॅन्डिडा हे यीस्ट अनेकांच्या तोंडात, आतड्यात निमूटपणे राहते. प्रतिकारशक्ती खालावली की तेच रक्तात शिरून जिवावर बेतते. त्यावर औषधांचे प्रकार मोजकेच आहेत, कारण यीस्टची पेशी केंद्रक असलेली, आपल्याच पेशीच्या धाटणीची. तिला मारताना आपल्या पेशी सांभाळायच्या, ही कसरत अवघड.

फ्लुकोनॅझोल ती साधते. कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये हे औषध पटलातल्या वाहक प्रथिनामार्फत आत येते, असे प्रयोगांत दिसले आहे. आत ते एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला अडवते. आपल्या पटलात जे काम कोलेस्टेरॉल करते, ते बुरशीत एर्गोस्टेरॉल करते. ते तुटपुंजे झाले की वाढ खुंटते. पण पेशी सहसा मरत नाही. ती तग धरून असते, या अवधीतच औषधाच्या प्रतिरोधाला वाव मिळतो.

कुठे विकराच्या जनुकात बदल होतो आणि औषध त्याला नीट चिकटत नाही. कुठे पेशी ते विकरच जास्त बनवते. सर्वांत प्रभावी उपाय पंपांचा. होडीत शिरलेले पाणी उपसावे तसे सीडीआर1, सीडीआर2 ही प्रथिने ऊर्जा खर्चून औषध बाहेर फेकतात. काही नमुन्यांत तर पाचव्या गुणसूत्राच्या एका भुजेच्या जादा प्रती आढळतात. विकराचे जनुक आणि पंप वाढवणारे जनुक, दोन्ही तिच्यावरच असतात.

दुसरे औषध फ्लुसायटोसिन. ते सायटोसिन या डीएनएच्या घटकाच्या वाहकातून आत जाते आणि आतले एक विकर त्याचे विष बनवते. माणसाच्या पेशीत हे विकर नाही. मात्र वाहक किंवा विकर बिघडलेली यीस्टपेशी तगते आणि तिचीच प्रजा वाढते. म्हणून क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या यीस्टमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात हे औषध एकटे न देता अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाच्या जोडीने देतात.

2009 मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या नमुन्यावरून कॅन्डिडा ऑरिस या नव्या प्रजातीची ओळख पटली. तिचे बहुतेक नमुने फ्लुकोनॅझोलला जुमानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या घातक बुरशींच्या यादीत तिला सर्वाधिक तातडीच्या गटात ठेवले.

म्हणूनच रक्तात यीस्ट सापडले, एवढ्यावर थांबून चालणार नाही. प्रजाती कोणती आणि ती कोणत्या औषधाला दाद देते, हे सांगणारी तपासणी जिल्हा रुग्णालयांत व्हायलाच हवी. नवी औषधे यायला वर्षे लागतील. हाती असलेली टिकवायची, तर अंदाजाने औषध लिहिणे थांबले पाहिजे.