युरोपला निघालेले पाय

(द्वितीय वर्ष, कला)

शीर्षक वाचून ‘हा युरोपला कधी जाऊन आला?’ असा प्रश्न आपल्याला पडेल. म्हणून आधीच कबूल करतो, की मी युरोप पाहिलेला नाही. महाराष्ट्राबाहेरही अद्याप पाऊल टाकलेले नाही. मात्र गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर आणि रविवारी दिवसभर मी साताऱ्यातील एका पादत्राणांच्या दुकानात काम करतो. सहलीबरोबर युरोपला निघालेले पुष्कळ पाय माझ्या हातांखालून गेले आहेत. त्यांपैकी दोन पायांचा मी अपराधी आहे. हा लेख त्या अपराधातून निघाला आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमधील एका रविवारी सकाळी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका दुकानात आल्या. आयुष्यभर मुलांना नकाशावर युरोप दाखविला, आता एकदा डोळ्यांनी पाहायचा, म्हणून त्यांनी साठवलेल्या पैशांतून सहलीत नाव नोंदविले होते. पाच नंबरचा बूट त्यांच्या पायात गेला, पण अंगठा पुढे टेकत होता. सहा नंबर संपलेला होता. शेठ गल्ल्यावरून पाहत होते. मी म्हणालो, “बाई, वापरून सैल होईल.” हे वाक्य मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकविले गेले होते. बाईंनी विश्वास ठेवला. नवे बूट मळू नयेत म्हणून त्यांनी ते खोक्यात जपून ठेवले आणि प्रवासाच्या दिवशीच पायात घातले.

जुलैत बाई साधी सपाता घ्यायला पुन्हा आल्या. उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले होते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अरे, फ्लॉरेन्सला सगळे चौकात गेले आणि मी बाकावर बसून राहिले. रोमलाही तेच. दोन शहरे मी बाकावरून पाहिली बघ. पुढच्या माणसाला तसे सांगू नकोस.” त्या दिवशी घरी जाताना मला माझ्याच चपलांकडे पाहवेना. नंतर ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, सहलीहून परतलेल्या गिऱ्हाइकांना खोदून खोदून विचारले, आणि जे कळले ते येथे मांडत आहे.

पहिला प्रश्न असा, की युरोपात पायांना एवढे काय होते? आपण काय चालत नाही? चालतो, पण आपली चालण्याची रीत वेगळी आहे. आपल्याकडे घर आले, देऊळ आले, की वहाणा निघतात. दिवसातून दहा वेळा पायाला वारा लागतो. तेथे चर्चमध्येही बूट घालूनच जायचे असते. सकाळी न्याहारीला घातलेला बूट रात्री खोलीवर परतल्यावरच निघतो. बारा-बारा तास कोंडलेला पाय घामेजतो आणि दिवसभराच्या चालण्या-उभे राहण्याने थोडा सुजतो. सकाळी बेताचा वाटलेला बूट दुपारी आवळू लागतो तो यामुळे.

दुसरे म्हणजे जमीन. रोमच्या जुन्या रस्त्यांवर ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचे लहान लहान चौकोनी ठोकळे बसविलेले आहेत. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीच्याच काळ्या खडकाचा आहे, तेव्हा दगड आपल्याला परका नाही. पण त्या ठोकळ्यांच्या मधल्या फटी आणि उंचसखलपणा यांमुळे प्रत्येक पावलाला घोटा किंचित कलतो, आणि पाऊस पडला की ते दगड निसरडे होतात. व्हेनिसमध्ये मोटारीच नाहीत. चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात सहलीच्या मोठ्या बसना प्रवेश नसतो, म्हणून बस सोडून पुष्कळ चालावे लागते. रोम शहराने वेढलेल्या व्हॅटिकनमधील सेंट पीटर्सच्या घुमटावर जायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट मुळीच नाही. आपल्या सहली स्वित्झर्लंडमध्ये ज्या युंगफ्राऊयोखला जातात, ते रेल्वेस्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे; तेथे ऐन उन्हाळ्यातही पायाखाली बर्फ असतो. एकाच सहलीत एकाच बुटाला दगड, संगमरवर, पायऱ्या आणि बर्फ असे सर्व सोसावे लागते.

आता निवडीकडे वळू. सर्वांत मोठी चूक ‘मऊ म्हणजे आरामाचा’ या समजुतीत आहे. दुकानाच्या गालिच्यावर गादीसारखा बूट दहा मिनिटे फार सुखाचा वाटतो. दगडांवर मात्र त्याच्या तळातून प्रत्येक कोपरा टोचतो आणि पाय दोन्ही बाजूंना डुलतो. म्हणून तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. बूट दोन्ही टोकांना धरून धुणे पिळतो तसा पिळून पाहावा. तो सहज पिळला जाऊ नये. पुढून दाबला असता तो चवड्यापाशी वाकावा, कारण आपला पाय तेथेच वाकतो. मधोमध दुमडणारा बूट परत ठेवावा. टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबल्यास ती घट्ट लागावी. शिवाय तळ रबराचा आणि खाचांचा असावा. गुळगुळीत तळ ओल्या दगडावर घात करतो.

मापाचे काम संध्याकाळी करावे, कारण तेव्हा पाय दिवसातील सर्वांत मोठा असतो. बाई सकाळी आल्या होत्या हेही माझ्या तेव्हा लक्षात आले नव्हते. भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवावा, टाच भिंतीला लावून त्यावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीने खूण करावी. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट सर्वांत लांब असते. बसून माप घेऊ नये. अंगाचा भार पडला की पाय पसरतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचा बूट घ्यावा. हा प्रयोग मी प्रथम घरी आईवर केला. आई शेतमजुरी करते आणि आठवडी बाजारातील ढिगातून चप्पल उचलते. तिच्या पायाचे माप कोणी कधी घेतलेले नव्हते. डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलीमीटर मोठा निघाला. ती म्हणाली, “तरीच! मी म्हणते डावीच का चावती दरवेळी.”

माप मिळाले तरी बुटावरच्या आकड्यावर विसंबू नये. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलीमीटर असते. युरोपीय पद्धतीत ते सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे पावणेसात मिलीमीटर. दोन पट्ट्याच वेगळ्या असल्यामुळे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यातून हे आकडे पायाची रुंदी सांगतच नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा आपले पाय सर्वसाधारणपणे युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली. आपण रुंदी कमी पडते म्हणून लांबीला मोठा नंबर घेतो, मग टाच निसटते. ‘माझाच पाय वाकडा’ असे पुष्कळ गिऱ्हाइके ओशाळून म्हणतात. वस्तुतः दोष साच्याचा असतो.

यावर एक सोपा उपाय आहे. बुटातील सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाय बाजूंनी बाहेर येऊ नये आणि लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर जागा उरावी. ही जागा चैनीसाठी नसते. उतारावर पाय पुढे सरकतो, बोट आपटते, नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते. बाईंचे तेच झाले होते. म्हणून आमच्या दुकानाच्या तीन पायऱ्या मी आता प्रत्येकाला चढायला-उतरायला लावतो. चढताना टाच उचलली जात असेल, तर नाडी वरच्या शेवटच्या भोकातून ओवून घोट्याशी घट्ट बांधून पाहावी.

‘वापरून सैल होईल’ या वाक्यात सत्य किती? चामडे थोडे सैलावते, पण रुंदीला, लांबीला नाही. कृत्रिम कापड तेवढेही सैलावत नाही. दुकानात टेकणारा बूट रोममध्येही टेकणारच. वापराचा खरा उपयोग दोष आधी उघडा पाडण्यासाठी असतो. निघण्यापूर्वी किमान तीन-चार आठवडे बूट घालावा. आधी घरात अर्धा तास, मग बाजारापर्यंत, मग दोन-तीन तासांची फेरी. मी आमच्या गिऱ्हाइकांना सांगतो, की अजिंक्यताऱ्यावर दोनदा जाऊन या आणि बूट कुठे चावतो ते मला येऊन सांगा.

मोज्यांकडेही दुर्लक्ष होते. सुती मोजा घाम धरून ठेवतो. ओली कातडी घासली, की तिचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरते, तोच फोड. त्यापेक्षा लोकरमिश्रित किंवा घाम बाहेर सोडणारे मोजे बरे, आणि बूट घेताना तेच घालून यावे. शक्य असल्यास दोन जोड न्यावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा चालतो. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. पायाची जाणीव कमी झालेली असेल, तर जखम होऊनही दुखत नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावा.

असो. गेल्या महिन्यात त्याच बाई पुन्हा आल्या. बरोबर त्यांची धाकटी बहीण होती. त्या पुढच्या मोसमात युरोपला जाणार आहेत. दोघी संध्याकाळीच आल्या, मोजे बरोबर घेऊन. मी कागदावर माप घेतले आणि असतील तेवढे सर्व जोड काढले. एक थोडा आखूड, एक अरुंद, आणि तिसऱ्याची टाच निसटणारी. शेठ गल्ल्यावरच होते. मी म्हणालो, “बाई, तुमच्या पायाचा बूट आज आमच्याकडे नाही. दुसरीकडे बघा, पण हा कागद बरोबर न्या.” बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या गेल्यावर शेठ काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पुढच्या मालात रुंद साच्याचे जोड मागवू. नंबर लिहून दे.”