सर्व्हर-दूरव्यवस्थापन

सर्व्हर-दूरव्यवस्थापन : सर्व्हर संगणकाजवळ न जाता तो चालू वा बंद करणे, त्याच्या स्थितीवर लक्ष ठेवणे व त्यावर परिचालन प्रणाली बसविणे यांसाठी योजलेली व्यवस्था. सर्व्हरच्या मुख्य फलकावर यासाठी एक लहान, स्वतंत्र संगणक असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर किंवा संक्षेपाने बीएमसी म्हणतात. त्याला स्वतःचा प्रक्रियक, स्मृती व जालजोडणी असते. मुख्य संगणक बंद असला, तरी विजेची जोडणी असेपर्यंत बीएमसी कार्यरत राहतो आणि तापमान, पंख्यांची गती, विद्युत् दाब इत्यादींच्या नोंदी ठेवतो.

इंटेल, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी व डेल या कंपन्यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे समाईक मानक प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये निघाली. डीएमटीएफ या संस्थेने २०१५ मध्ये रेडफिश हे नवे मानक आणले. त्यात आज्ञा व उत्तरे वेबच्या सुरक्षित संदेशपद्धतीने जातात.

स्वयंचलनाची गरज : नव्या सर्व्हरवर बहुधा परिचालन प्रणाली नसते आणि त्याच्या बीएमसीलाही जालावरील कायम पत्ता व नवा परवलीचा शब्द द्यावयाचा असतो. म्हणजे दूरव्यवस्थापनाने प्रणाली बसविण्यापूर्वी दूरव्यवस्थापनच उभे करावे लागते. थोड्या सर्व्हरांना पडदा व कळफलक जोडून हे काम हाताने करता येते. मोठ्या समूहात मात्र ते वेळखाऊ ठरते व चुकाही होतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे परम मालिकेतील आधुनिक महासंगणक असे समूहच होत. जगातील ५०० महासंगणकांच्या नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा आलेला परम सिद्धी-एआय हा ४२ संगणकांचा समूह आहे.

पद्धती : पहिल्या पद्धतीत बीएमसीला जालाकडून तात्पुरता पत्ता मिळतो. व्यवस्थापन आज्ञावली यंत्राच्या हार्डवेअर-पत्त्यावरून त्याला ओळखते व रेडफिशद्वारे कायम मांडणी करते. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर जालावरून एक छोटी लिनक्स प्रणाली थेट स्मृतीत घेऊन सुरू होतो. डिस्कवर काही लिहावे लागत नाही. या प्रणालीतून बीएमसीशी अंतर्गत मार्गाने बोलता येते व त्यास सामान्यतः बीएमसीचा परवलीचा शब्द लागत नाही. पत्ता, वापरकर्ता व परवलीचा शब्द ठरवून अनुक्रमांकाची नोंद झाल्यावर ही प्रणाली विसर्जित होते. चांगली आज्ञावली आधीची स्थिती तपासून फक्त फरक दुरुस्त करते. त्यामुळे ती पुन्हा चालविली तरी बाधा येत नाही.

सुरक्षितता : बीएमसीचा अधिकार परिचालन प्रणालीच्या खालच्या थरावर चालतो. तेथे शिरलेल्यास प्रणालीतील संरक्षण रोखू शकत नाही. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत परवलीच्या शब्दापासून काढलेले सांकेतिक मूल्य ओळख पटण्यापूर्वीच मागणाऱ्यास मिळते, ही उणीव २०१३ मध्ये ठळकपणे पुढे आली. त्या मूल्यावरून दुबळा शब्द शोधून काढता येतो. दोष मानकातच असल्याने केवळ दुरुस्तीने तो जात नाही. सर्व यंत्रांना कारखान्यातून एकच शब्द देण्याची रूढीही धोक्याची होती. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२० पासून लागू केलेल्या कायद्याने जालास जोडल्या जाणाऱ्या उपकरणांबाबत या रूढीस आळा घातला.

म्हणून प्रत्येक यंत्रास वेगळा, लांब परवलीचा शब्द देणे, बीएमसीचे जाल इतर जालांपासून अलग ठेवणे व गरज नसल्यास आयपीएमआय बंद करणे ही कामे मांडणीतच अंतर्भूत करतात. स्वयंचलनाने योग्य मांडणी जितक्या वेगाने पसरते, तितक्याच वेगाने चूकही पसरते. यास्तव आज्ञावली प्रथम एकाच यंत्रावर तपासून मग सर्व समूहावर चालविणे इष्ट असते.