हमीदा बानू

(? – १९८६). भारतातील आद्य व्यावसायिक स्त्री-कुस्तीगीरांपैकी एक. जन्म मिर्झापूर (उत्तर प्रदेश) येथे. कुस्तीचे शिक्षण अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्याकडे. स्त्री-मल्ल दुर्मिळ असलेल्या काळात त्या प्रामुख्याने पुरुष मल्लांशी लढल्या. उंची सु. १६० सेंमी. व वजन १०८ किग्रॅ. असल्याचे तत्कालीन वृत्तांत नमूद आहे. आपणास हरविणाऱ्याशी विवाह करू, असे आव्हान त्यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये दिले. मे महिन्यात बडोदे येथे बाबा पहिलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. त्याच वर्षी मुंबईत रशियन मल्ल व्हेरा चिस्टिलिन यांना एका मिनिटाच्या आत पराभूत केले.

कीर्तीबरोबर विरोधही वाढला. पुण्यातील रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली. कोल्हापुरात पुरुष मल्लास हरविल्यावर प्रेक्षकांनी दगडफेक केली. कुस्त्यांवरील बंदीविरुद्ध त्यांनी मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदीचे कारण त्यांचे स्त्रीत्व नसून, आयोजक नाममात्र प्रतिस्पर्धी उभे करतात या तक्रारी होत, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यामुळे त्यांच्या विजयांच्या खरेपणाविषयीचा वाद कायम राहिला.

उत्तरायुष्यात कल्याण येथे दूध व खाद्यपदार्थ विकून त्यांनी चरितार्थ चालविला. स्त्रियांच्या कुस्तीस ऑलिंपिकमध्ये २००४ साली स्थान मिळाले, तर महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगली येथे प्रथम भरली.