आधी बाटल्या मोजा, मग फायटरची जोडी आणा



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका गटाने विचारलं, "फायटर मासे घरी वाढवून विकायला अंतर्गत कर्ज घेतलं तर चालेल का?" मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता. एक जोडी, दोनशे पिल्लं, की झाला गुणाकार! मी लगेच हो म्हटलं नाही. कारण मी स्वतः एकदा जोडी आणली होती, आणि पिल्लं पोहायला लागल्यावर तीन-चार दिवसांत सगळी मेली. काय चुकलं ते पुढे सांगते.

हा मासा मूळचा कुठला?

फायटर म्हणजे बेट्टा. याचं मूळ घर थायलंड. तिथल्या भातखाचरांत, दलदलीत, उथळ गवताळ पाण्यात तो राहतो. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं. दुकानातले लांब झालरीचे रंगीत मासे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेत. रानातला मूळ मासा दोन-अडीच इंचाचा, आखूड पंखांचा. तो खुलला की अंगावर हिरवी-निळी झाक चमकते. रानफायटर पाळणारे हौशी लोक वेगळे असतात; त्यांना शुद्ध जात हवी असते. म्हणून रान जातीची जोडी दुकानातल्या फायटरशी मिसळू नका. आणि रानातून पकडलेला नको, घरी वाढवलेलाच मासा घ्या. रानात त्यांची संख्या कमी होत चालली आहे.

पाणी आणि जागा

फायटर पाण्याच्या वर तोंड काढून हवेतून श्वास घेतो. म्हणून पंपाशिवाय जगतो. पण याचा अर्थ कपभर पाणी पुरतं असा नाही. एका माशाला निदान आठ-दहा लिटर पाणी द्या. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. पाणी साधारण २४ ते २८ अंश असावं. थंडीत भांडं उघड्या पडवीत ठेवू नका. मासा उडी मारतो, म्हणून झाकण हवंच. पण पाणी आणि झाकण यात हवेला जागा सोडा. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असतं ना? त्याचं वाळून गळलेलं पान धुऊन पाण्यात टाका. पाणी चहासारखं होतं, ते या माशाला मानवतं.

वीण कशी होते?

टबात पाच-सहा इंच पाणी, भरपूर पाणवनस्पती आणि वर तरंगणारं एखादं पान. मादीला आधी पारदर्शक बाटलीत घालून नराला दिवसभर दाखवा. नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादीचं पोट भरलेलं दिसलं आणि घरटं तयार झालं की तिला सोडा. नर अंडी तोंडाने उचलून घरट्यात ठेवतो. अंडी घालून झाली की मादीला लगेच काढा, नाहीतर नर तिला फाडतो. इथे बाळंतपण बापाकडे! एक-दोन दिवसांत पिल्लं फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांत आडवी पोहू लागतात. तेव्हा नरालाही काढा. (काही रान जातींत नर अंडी तोंडातच सांभाळतो, त्यांची पद्धत वेगळी, म्हणून जात विचारूनच घ्या.)

माझं काय चुकलं?

पिल्लांचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं. मी मोठ्या माशांचं खाद्य चुरून टाकलं. ते तळाशी कुजलं, पिल्लं उपाशी राहिली. आधी आठवडाभर बरणीत कोबीचं पान भिजवून सूक्ष्म जीव तयार करायला हवे होते. पहिले काही दिवस ते पाणी थोडं थोडं घालायचं, मग आर्टेमियाची पिल्लं द्यायची. मोठ्या माशांना डासांच्या अळ्या आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साठवू नका. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायचाच. माशासाठी डेंग्यू घरात आणू नका.

आता हिशोब

समजा शंभर पिल्लं जगली. त्यातले पन्नास नर धरा. दोन-तीन महिन्यांत ते भांडायला लागतात, म्हणजे पन्नास बाटल्या. एका बाटलीचं पाणी बदलायला दोन मिनिटं धरली, तरी एका फेरीला शंभर मिनिटं. धुणं, शेत, पोरांची शाळा सांभाळून हे कोण करणार?

दोन गोष्टी कधीच करू नका. एक, मासे झुंजवू नका. प्राण्यांना झुंजवणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दुसरं, उरलेले मासे विहिरीत, ओढ्यात सोडू नका. परदेशी मासा आपल्या पाण्यात शिरला की काय होतं, ते थाई मांगूरने दाखवलंय. त्यावर बंदी घालावी लागली.

कर्ज घ्यावं का?

माझं मत असं: पहिल्या जोडीला कर्ज नको. दोघी-तिघींनी मिळून स्वतःच्या पैशातून एक जोडी आणा, एक वीण काढून बघा. मग बैठकीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा: किती पिल्लं जगली? किती बाटल्या लागल्या? रोज किती वेळ गेला? कोणत्या दुकानदाराने किंवा हौशी माणसाने किती मासे घ्यायचं कबूल केलं? चौथ्याचं उत्तर कोरं असेल, तर मासे हौस म्हणून पाळा. चारही उत्तरं भरलेली असतील, तर कर्जाचा अर्ज घेऊन या. ठराव लिहायला मी स्वतः बसेन.