पगार, मीठ आणि जाब

पैसे घेऊन मारतो तो मारेकरी आणि देशासाठी मारतो तो सैनिक, ही वाटणी आपण शाळेतच शिकतो. गेली चाळीस वर्षं मी तिच्याशी भांडतो आहे, कारण आपल्याच इतिहासात ती कुठे बसत नाही. शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, पण महिना दोघांनाही लागायचा. शिवाजी महाराजांनी रोख पगारावर भर दिला आणि चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना बजावलं की लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला तोशीस लावू नका. पगार हाच तिथे रयतेचा आधार होता. उपाशी शिपाई आधी स्वतःच्याच मुलखाला लुटतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

माझा खरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे गारदी, म्हणजे मराठ्यांच्या पदरचे कवायती पगारी शिपाई. त्यांच्याबद्दल लिहिलं की काही अभ्यासक अजूनही नाक मुरडतात. ‘भाडोत्री’ या एका शब्दात त्यांनी पानिपतावर गारद्यांचं नेतृत्व केलेल्या इब्राहिमखानाची वासलात लावलेली असते. त्यांनी काशीराजाची बखर पुन्हा एकदा नीट वाचावी, एवढंच माझं मागणं आहे. काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे शत्रूच्या गोटातला. इब्राहिमखानाची तरफदारी करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. तो सांगतो, १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी, पानिपतच्या लढाईआधी, इब्राहिमखान घोडा दामटत मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंसमोर आला. माझ्या माणसांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून मी हट्ट धरायचो आणि तुमचा रोष व्हायचा, असं त्यानं तोंडावर सांगितलं. या महिन्याचं वेतन मिळालेलंच नाही, तरी आज आमची चाकरी बघा, असं म्हणून तो आपल्या पलटणींकडे परतला.

त्या दिवशी रोहिल्यांना भिडलेल्या गारद्यांच्या पलटणी जवळजवळ संपल्या. इब्राहिमखान जखमी अवस्थेत सापडला आणि कैदेतच जिवाला मुकला. पगारासाठी भांडणारा आणि पगार थकलेला असताना लढून मेलेला माणूस एकच. घराण्याचा अभिमान मिरवणारे कित्येक सरदार दुपारनंतर दिल्लीच्या वाटेला लागले होते. मग निष्ठा कशावर मोजायची, वेतनपत्रकावर की मैदानावर?

पण गारद्यांची बाजू घ्यायची तर ३० ऑगस्ट १७७३ टाळून चालत नाही. शनिवारवाड्यात गारदी आधी थकलेल्या पगाराची ओरड करत शिरले आणि अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे चुलत्याला, राघोबादादांना, मिठी मारून जीव मागत असताना मारले गेले. आपल्या नाटककारांनी आणि कीर्तनकारांनी ‘धरावे’च्या हुकमात ‘ध’ चा ‘मा’ कुणी केला यावर पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च केली. मला त्या अक्षरापेक्षा चापाजी टिळेकर मोठा वाटतो. धन्याला वाचवायला हा चाकर त्याच्या अंगावर पालथा पडला आणि तिथेच कापला गेला. त्या दालनात मारणारे पगारी होते आणि वाचवायला धावलेलाही पगारी होता. दोघांनीही पेशव्यांचंच मीठ खाल्लं होतं. तेव्हा पाप पैशात असेल तर चापाजीलाही पापी म्हणावं लागेल, आणि ते म्हणायला माझी जीभ धजत नाही.

फरक दुसरीकडे आहे. मारेकऱ्यांचा म्होरक्या सुमेरसिंग गारद्याला मिळणार होता तो चाकरीचा महिना नव्हता. ते एका जिवाचं मोल होतं, आणि त्यात ‘पुढे कुणी विचारणार नाही’ ही हमी धरलेली होती. ती हमी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी मोडली. त्यांनी मारेकऱ्यांपाशी न थांबता थेट राघोबादादांकडे बोट दाखवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून ते निघून गेले. हत्येची सुपारी आणि सैनिकाची चाकरी यांच्यातली रेघ आपल्याकडे कुणी ओढली असेल तर ती शास्त्रीबुवांनी. जिथे जाब विचारता येतो ती चाकरी. जाबच विकत घेतला जातो ती सुपारी.

पुढचा काळ मी भराभर ओलांडतो. पेंढाऱ्यांना पगारच नव्हता, लूट हाच त्यांचा पगार. त्याची किंमत रयतेनं मोजली. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ १८०३ मध्ये ऐन युद्धात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. होळकरांकडचा अधिकारी व्हिकर्स यानं आपल्या देशबांधवांवर शस्त्र धरायला नकार दिला आणि १८०४ मध्ये त्याचं शिर उडवलं गेलं. भाडोत्री माणसालाही ‘नाही’ म्हणता येतं, एवढं त्यानं दाखवलं.

भीमा कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं महार शिपाई लढले आणि पेशव्यांच्या बाजूनं अरब. वेतन दोघांनाही होतं. ज्यांना गावात सावलीचीही बंदी होती, त्यांच्या हाती पलटणीनं बंदूक, वर्दी आणि नावासमोर हुद्दा दिला. त्या पगाराला ‘भाडं’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या गावाचाही विचार करावा. पुढे महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त शिपायांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं.

आणि वर्दीनं सगळं धुऊन निघतं, असंही कुणी समजू नये. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी पन्नास शिपायांनी जनरल डायरच्या हुकमावरून १६५० फैरी झाडल्या. तो आकडा चौकशीत नोंदवला गेला, पण डायरवर खटला कधीच उभा राहिला नाही. अकरा वर्षांनी पेशावरात चंद्रसिंग गढवालींनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. तेही पगारी शिपाईच होते.

आताच्या काळाकडे बघितलं की मन खचतं. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनं भाडोत्री सैनिकाची व्याख्या केली, तीत सहा अटी आहेत आणि सगळ्या एकाच माणसाला लागू व्हाव्या लागतात. इतक्या चाळणीतून गळून कुणी हाती लागणं जवळजवळ अशक्यच. बगदादच्या निसूर चौकात २००७ मध्ये ब्लॅकवॉटर या खासगी अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी सतरा इराकी नागरिक मारले. खटला चालला, शिक्षा झाल्या, आणि २०२० मध्ये अध्यक्षांनी चौघांना माफी दिली. शास्त्रीबुवांनी ओढलेली रेघ एका सहीनं पुसली गेली. आपल्याकडे मात्र चर्चासत्रांतून अजून ‘भाडोत्री की देशभक्त’ हाच घोळ चालू असतो. मूळ कागद वाचणारे दरवर्षी कमी होत चालले आहेत.

माझे मामा मराठा पलटणीत होते. त्यांची मनीऑर्डर आली की आजी आधी देवापुढे ठेवायची. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, माणूस मारायचे पैसे मिळतात का? ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘बाळ, चांदमारीवरनं परत येताना काडतुसांची रिकामी खोकी मोजून द्यावी लागतात. एक कमी पडलं तर सगळी कंपनी गवतात शोधत बसते. सापडल्याबिगर जेवण नाही.’’

त्या वयात मला ते उत्तर वाटलंच नव्हतं. गारद्यांवर चाळीस वर्षं घालवल्यावर आज मला त्याहून नेमकं उत्तर सापडत नाही.